आक्काचं तळं फुटलं नव्हतं

आक्का गेल्याचा फोन आला तेव्हा मी मंचरच्या बाजारात, ज्या आडतीवर काम करतो तिथल्या गाळ्यासमोर उभा होतो. कांद्याचा लिलाव चालला होता, हायवेवर ट्रकांचे हॉर्न वाजत होते, आणि त्या गलक्यात सुनंदा, म्हणजे माझी बायको, काय सांगतेय ते मला कळेना. "आक्का उठंनात," एवढंच ती परत परत म्हणत होती. माझी थोरली बहीण दुपारी जेवून पडवीत जरा आडवी झाली ती उठलीच नाही. ना दुखणं, ना दवाखाना. लोक म्हणाले, असं मरण भाग्यानं येतं. पिंपरी पेंढारला, आमच्या घरापर्यंत, मी गाडी कशी चालवली ते आठवत नाही. आठवतं ते इतकंच, की नारायणगाव मागं पडलं तेव्हा रडू यायच्या आधी माझ्या मनात वेगळंच काहीतरी येऊन गेलं… आता कुणाला काही सांगायची गरज उरली नाही. आणि खोटं कशाला बोलू, क्षणभर हायसं वाटलं. त्या क्षणाची मला अजून शिसारी येते.

पुढचे काही दिवस माणसं भेटायला येत राहिली. ओसरीवर बसून आक्काच्या आठवणी निघायच्या आणि कुणीतरी परसातल्या त्या कोरड्या खड्ड्याकडं बघून म्हणायचंच, "लई हौशी बाई व्हती. तळं बी केलं एकटीनं. पण काय, गळलं बिचारीचं." बाकीचे च्-च् करायचे. मीही मान हलवायचो. प्रत्येक वेळी हलवली. हा लेख त्या मान हलवण्याबद्दल आहे.

आक्का माझ्याहून चांगली दहा-बारा वर्षांनी मोठी. आई शेतात असायची, त्यामुळं मला न्हाऊ घालून शाळेत पिटाळायचं काम तिचं. मला बोलायला जमत नाही हे तिनं फार लवकर ओळखलं होतं. तोतरा वगैरे नव्हतो मी. मनातलं ओठांपर्यंत यायचंच नाही. पाव्हणे आले की मी गोठ्यात जाऊन बसायचो आणि ती येऊन म्हणायची, चल, तुझ्या वाटचं मी बोलते. माझं लग्नसुद्धा तिनंच बोलून जमवलं. तिला आंबेगावात, मंचरच्या पलीकडं दिलं होतं. दोनदा दिवस राहिले, दोनदा गेले. तेव्हा तिची सासू एक वाक्य बोलली, "हिच्या हाताला काय टिकत न्हाई." पुढं मेहुणे गेले तेव्हा भावकीनं तेच वाक्य पुन्हा म्हटलं. आक्का आमच्या मळ्यात परत आली ती ते वाक्य बरोबर घेऊन. दूध नासलं, मिरचीचं रोप वाळलं की स्वतःच हसून म्हणायची, माझ्याच हातचं ना ते. आम्हीही हसायचो. ते हसण्यासारखं नव्हतं हे कळायला मला फार उशीर लागला.

घरात ती गोधड्या शिवायची. त्यासाठी कापूस आणि चिंध्या आणायला जुन्नरला जायची, आणि तिथं तिला हमीदाभाभी भेटल्या. त्यांच्या घरी गाद्या-रजया भरायचा धंदा पूर्वापार चालत आलेला. दोघींचं कशावरून जमलं देव जाणे, पण आक्का महिन्यातून एकदा तरी सकाळच्या एस्टीनं जाणार आणि दिवस कलता परत येणार. आली की चार दिवस घरात भाभींचंच नाव. आयुष्यात तिनं स्वतःसाठी मिळवलेलं ते एकच माणूस. बाकी आम्ही सगळे तिच्या वाट्याला आलेलो.

तळ्याचं खूळ आहुप्याच्या देवराईतून आलं. काही वर्षांपूर्वी आम्ही घरची माणसं एका मित्राच्या जीपमधून तिकडं गेलो होतो. देवराईत शिरलं की ऊन मागं राहतं. आत एका झऱ्यापाशी दगडांच्या बेचक्यात थोडंसं पाणी साठलेलं, वर चतुर घिरट्या घालतायत, काठाला बोटभर बेडूक. आक्का तिथं जी बसली ती जीपवाल्यानं हाका मारल्या तरी हलेना. घरी आल्यावर म्हणाली, आपल्या परसात असं करायचं. मी म्हटलं, विहीर आहे, बोअर आहे, वर माळाला शेततळं आहे, आणखी पाणी कशाला? तर म्हणाली, "ते वापरायचं पाणी. ह्ये बघायचं पाणी." यावर मला काही बोलता आलं नाही, आणि माझं न बोलणं म्हणजे होकार असं ती लहानपणापासून धरून चालायची.

तिनं खरंच खणायला घेतलं. न्हाणीच्या मागं, शेवग्याच्या पलीकडं, रोज ऊन चढायच्या आधी टिकाव आणि घमेलं घेऊन. शेजारच्या वस्तीवरचे दगडूभाऊ बांधावरून, कालव्याच्या पाण्याची पाळी विचारावी तसं, विचारायचे, "आक्का, आवर्तन कवा सोडताय?" ती मान वर न करता म्हणायची, "आदी मागची पाणीपट्टी भर, मंग सोडते." तळं कसं करतात हे आमच्यापैकी कुणालाच ठाऊक नव्हतं. आमच्या भागात बघून शिकावं असं एकच तळं, ते म्हणजे शेततळं. म्हणून तिनं त्याचीच नक्कल केली, सगळीकडून सारखा तिरपा उतार, आणि आत शेततळ्याचा उरलेला कागद. आमच्याकडं त्या जाड काळ्या प्लॅस्टिकला कागदच म्हणतात. कागदाला खालून खडा टोचू नये म्हणून तिनं माती वाळूच्या चाळणीनं चाळून पसरली, वर मी बाजारातून आणलेली फाटकी गोणपाटं अंथरली. त्याआधी गुडघ्यांवर बसून दळणातला खडा शोधावा तसा सगळा तळ हातानं चाचपला. मी चहा पीत बघत होतो. म्हटलंसुद्धा, एवढं काय त्यात. ती म्हणाली, एक राहिला तरी सगळं वाया.

पहिल्यांदा पाणी भरलं तेव्हा काठ सारखा नव्हता हे कळलं. स्वयंपाकघराच्या बाजूनं पाणी वाहून चाललंय आणि पलीकडं हातभर कागद उघडा. सुनंदाच्या चुलीपर्यंत ओघळ गेला. सगळं उपसलं, गवंड्याची पाण्याची नळी आणून काठ समपातळीत आणला, पुन्हा भरलं. मग एका सकाळी त्यात खार मेलेली सापडली. गुळगुळीत उतारावरून तिला वर चढताच आलं नसणार. शेततळ्यात असं होतंच, कुत्री-मांजरं जातात, आपण उचलून टाकतो. आक्का त्या दिवशी जेवली नाही. तिनं परत पाणी काढलं, कागद उचलला, उताराला पायऱ्यांसारखे दोन टप्पे घातले, एका बाजूनं काठापर्यंत दगड रचले. म्हणाली, पडणाऱ्याला वर यायची वाट पाहिजे. मग पाणी हिरवं झालं. उपसलं, भरलं, परत हिरवं. शेवटी दमून तिनं हात लावायचं सोडलं. हमीदाभाभींच्या अंगणात दगडी कुंडीत कुमुदिनी होती, त्यांनी तिचा एक कंद ओल्या फडक्यात गुंडाळून दिला. तो आक्कानं कुंडीत लावून तळाशी ठेवला. पानं वर येऊन पसरली आणि पाणी आपोआप निवळलं. डासांची कुरकूर सुनंदानं केली, तर आरोग्य केंद्रातून गप्पी मासे आले. बेडूक कुणी आणले नाहीत, ते आपले आपण आले.

त्या उन्हाळ्यात आक्का संध्याकाळी काठावर बसायची. एकदा मी हातपाय धुऊन शेजारी जाऊन बसलो तर पाण्याकडं बघतच म्हणाली, "बाळू, टिकलं का रं माझ्या हाताला?" मी म्हटलं, टिकलं की. तिच्यासाठी मी मोकळेपणी बोललेलं खरं वाक्य कदाचित तेवढंच.

आमच्याकडं बिबट्या ही काही बातमी नसते. ऊस आहे तिथं तो आहेच. पण त्या वेळी माझी मुलगी तिच्या लहान लेकीला घेऊन राहायला आली होती. पोर नुकती पळायला लागलेली, सारखी परसात. एका सकाळी तळ्याच्या काठच्या चिखलात ठसे दिसले. पाणी प्यायला आला होता. आक्काला त्याचं कोण कौतुक. कोंबड्यांनी उकरू नये म्हणून तिनं ठशावर घमेलं पालथं घातलं आणि येईल त्याला उचलून दाखवत सुटली. सुनंदाचा चेहरा पांढराफटक पडलेला. आत येऊन मला म्हणाली, "तुमी आक्कास्नी सांगा. ह्ये पाणी बंद करा म्हणा. पोरीला काय झालं तर?" मी म्हटलं, सांगतो. तिचं चूक नव्हतं. माझी भीतीही खोटी नव्हती. आक्काला मी सरळ सांगितलं असतं, की पोरीसाठी एवढं बुजव, तर तिनंच कुदळ घेतली असती, हे मला तेव्हाही ठाऊक होतं. पण जेवताना सांगू म्हटलं, जेवण झालं. उद्या सांगू म्हटलं, उद्या गेला. बघायचं पाणी बंद कर, असं तिच्या तोंडावर म्हणायला मला शब्दच सापडेना.

मग भाभींच्या धाकट्या मुलीचं लग्न निघालं आणि आक्का दोन दिवस जुन्नरला गेली. मुलगी लेकीला घेऊन डॉक्टरकडं, सुनंदा रानात. मी एकटा घरी. गोण्या शिवायचं दाभण माझ्या गाडीच्या डिकीत कायम असतं. ते घेतलं, पँट दुमडून पाण्यात उतरलो. गप्पी मासे पायांभोवती गोळा झाले. आक्का रोज कणीक टाकायची, त्यांना वाटलं तीच आली. कुमुदिनीची कुंडी सरकवली. तिच्याखाली कागदाला एक घडी पडली होती. त्या घडीत दाभण खुपसलं. चार-पाचदा खुपसलं. मग कुंडी होती तशी ठेवली, पाय पुसले आणि ओसरीवर येऊन बसलो. पाणी हळूहळू जाईल, तिला वाटेल आपोआप गेलं, कुणाला कुणाशी बोलावं लागणार नाही… एवढाच माझा हिशेब होता.

आक्का लग्नाहून परतली ती थेट परसात. कागदावर ओलीची रेघ वर आणि पाणी खाली, हे तिनं लगेच हेरलं. ऊन लई आहे, म्हणाली. दुसऱ्या दिवशी काठाच्या दगडावर कोळशानं खूण केली. मग रोज सकाळी चूळ भरायच्या आधी खूण बघायला जायची. कुणीतरी तिला सांगितलं, की संथ पाण्यात कडेकडेनं दुधाचा थेंब सोडायचा, भोक असेल तिकडं दुधाची रेघ ओढली जाते. तिनं तेही केलं. आणि दुधाची वाटी धरून तिच्या मागं कोण फिरत होतं, तर मी. ती वाकून थेंब सोडायची, आम्ही दोघं श्वास रोखून बघायचो. कडेला भोक नव्हतंच, तर रेघ कुठून ओढली जाणार. शेवटी पाणी तळाला गेलं. मासे हौदात सोडले, चिखल काढला, कागद पुसून हात फिरवून बघितला. घडीतलं दाभणाचं भोक, ते म्हाताऱ्या डोळ्यांना काय दिसणार. ती रिकाम्या तळ्यात उकिडवी बसली होती. वर बघून म्हणाली, बाळू, कुठं चुकलं असंल?

तेव्हा सांगता आलं असतं. मी वर उभा होतो, ती खाली, तिसरं माणूस नव्हतं. मी म्हणालो, "खाली एखादा खडा राहिला असंल."

तिनं कागदावरून परत एकदा हात फिरवला. मग म्हणाली, "आसंल. माझ्याच हातचं ना ते."

या वेळी ती हसली नाही.

बिबट्याचं म्हणाल तर त्याला कालव्याचं पाणी होतंच. पुढं थोड्याच दिवसांत त्या कोरड्या तळ्याशेजारून आमचं कुत्रं उचलून नेलं त्यानं. माझी मुलगी लेकीला घेऊन सासरी गेली. तळं मात्र तसंच राहिलं. आक्कानं नवा कागद आणू दिला नाही. म्हणाली, नको, परत गळलं तर खालच्या गोणपाटाला सुद्धा लाज वाटंल. दगडूभाऊंच्या सुनेला, मनीषाला, तसंच तळं करायची हौस होती. ती विचारायला आली तर आक्कानं हात जोडले. "माझ्यापासनं शिकशील तर तुझं बी गळंल, बाई." मी दाराआड उभा होतो. मनीषा आली तशी परत गेली. त्यानंतर साधारण वर्षभर आक्का होती. परसातल्या दारानं जाणं तिनं सोडलं. भांडी घासायलाही पुढच्या अंगणात बसायची. जुन्नरला जाणंही थांबलं. गुडघे दुखतात म्हणायची. मीही गुडघ्यांवर विश्वास ठेवला, तो सोयीचा होता.

ती गेल्यावर आठवड्यानं हमीदाभाभी आल्या, मुलाच्या गाडीवर मागं बसून. थकल्या होत्या. सुनंदाचा हात धरून बसल्या आणि मग माझ्याकडं वळून म्हणाल्या, "भाऊ, एक विचारू? लग्नाच्या गडबडीत माझ्या तोंडून काही कमी-जास्त गेलं का? त्यानंतर ती माझी पायरी चढलीच नाही. फोन केला तर हो-नाही करून ठेवून द्यायची." सुनंदा म्हणाली, "न्हाई ओ भाभी. तुमी दिलेला तो कंद वाळून गेला ना. आक्का म्हणायच्या, त्यांच्या घरची ठेव माझ्याकडं मेली, आता कंच्या तोंडानं जाऊ." भाभींनी ते ऐकलं. पदर तोंडाला लावला. "एवढ्यासाठी?" म्हणाल्या. "याऽ अल्ला, एवढ्यासाठी… माझ्याकडं कुंडी भरून आहेत की." मला तिथं बसवेना. मी उठून मागं गेलो. मी एक तळं फोडलं एवढंच आजवर समजत होतो.

भाभी गेल्यावर मी तळ्यात उतरून काठाचे आणि उतारावरचे दगड काढले आणि कागद ओढून उजेडासमोर धरला. मागून उजेड आल्यावर भोकं स्पष्ट दिसली. एका ओळीत, गोणीला टाके घालावेत तशी. दुसरं एकही नाही. संध्याकाळी सुनंदाला सांगितलं. ती भाकरी थापत होती. हात थांबले नाहीत, पण भाकरी तव्यावर टाकायची तिला आठवण राहिली नाही. म्हणाली, "मी सांगा म्हणले व्हते. भोक पाडा न्हवते म्हणले." आणि थोड्या वेळानं, "मला बी पापात घेतलंत."

जुन्नरला जायला मला आणखी काही दिवस लागले. भाभी कापसाच्या ढिगापाशी रजईला टाके घालत बसल्या होत्या. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं. बसलो असतो तर जमलं नसतं. त्यांनी एकदाही मधे तोंड घातलं नाही. शेवटी एकच विचारलं, ती अखेरपर्यंत चूक स्वतःचीच समजत होती का? मी हो म्हणालो. त्यांनी सुई कापडात टोचून ठेवली. "मला सांगून तुम्ही मोकळे झालात, भाऊ. आमचं दोघींचं वर्ष गेलं ते?" चहा आला, कारण त्या घरातून कुणी चहाशिवाय जात नाही. पण बसा असं त्या म्हणाल्या नाहीत. मी दारापर्यंत आलो तेव्हा मागून आवाज आला, "ज्यांच्यापुढं तिचं तळं गळलं म्हणू दिलंत, त्यांच्यापुढं सांगा. मला काय सांगता."

म्हणून हे लिहितो आहे. ओसरीवर येऊन गेलेल्या सगळ्यांना गाठणं शक्य नाही, पण हा लेख त्यांच्यातल्या पुष्कळांपर्यंत पोचेल. दगडूभाऊंना समोरासमोर सांगितलं. ते बांधावरच टेकले आणि म्हणाले, "तू लहानपनापासनं मुका. पन हे लई वंगाळ मुकेपन, बाळू." त्यांची सून मनीषा मागं उभी राहून ऐकत होती. दुसऱ्या दिवशी सकाळी ती आमच्या परसात आली. मला काही विचारलं नाही. कागद बाजूला ओढलेला होता, आणि तळ उघडा पडला होता. पायऱ्यांचे टप्पे, दबून चिकटलेली गोणपाटं, सगळं जसंच्या तसं. कागद काढल्यापासून तिथं हात लावायचं धाडस मला झालं नव्हतं. मनीषा खाली उतरली, गोणपाटाची एक कड उचलली, गुडघे टेकले आणि खालच्या मातीवरून तळवा फिरवू लागली. एका कडेपासून सुरुवात करून दुसरीपर्यंत, कोपरे सुद्धा सोडले नाहीत तिनं. मी काठावर उभा होतो, त्या दिवशी होतो तिथंच.

पार शेवटपर्यंत जाऊन ती थांबली. हाताची माती झटकली आणि वर बघून म्हणाली, "एक बी खडा न्हाई ओ, मामा."

मी म्हणालो, "नव्हताच."